डोलो ६५० चालू असताना व्हिटॅमिन सी: किती चालतं, कुठे गडबड होते?

कोथरूड_डेपो (प्रश्न)

वडील, वय ७१, वजन ५८ किलो. चिकुनगुनियाचा ताप उतरला, पण मनगटं आणि घोटे अजून धरलेले आहेत. डॉक्टरांनी डोलो ६५० (म्हणजे पॅरासिटामॉल ६५० मिग्रॅ) दिवसातून ३ वेळा, १० दिवस लिहून दिली आहे. त्याशिवाय घरात जे चालू आहे ते असं: सकाळी फसफसणारी व्हिटॅमिन सीची १००० मिग्रॅची गोळी, दुपारी आणि रात्री चघळायची लिमसी ५०० एकेक. म्हणजे सी दिवसाला २ ग्रॅम. हे चिठ्ठीवर नाही, सोसायटीतल्या सल्ल्याने सुरू झालंय.

दंडावर शुगरचा सेन्सर आहे (लिब्रे), रात्री इन्सुलिन. शेवटचं क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) १.३. बीपीची गोळी चालू आहे. दारू नाही.

व्हॉट्सअॅपवर दोन निरोप फिरतायत. एक म्हणतो, सी आणि पॅरासिटामॉल एकत्र घेतलं की लिव्हरमध्ये विष तयार होतं. दुसरा म्हणतो, सी घेतल्याने पॅरासिटामॉलपासून लिव्हर वाचतं. दोन्ही खरे असूच शकत नाहीत. नक्की काय आहे? आणि दोन्ही घ्यायचंच असेल तर मध्ये किती तास सोडायचे?

---

मात्रा_मोजून

दोन्ही निरोप चूक आहेत. पण पहिल्याच्या मुळाशी एक खरी गोष्ट आहे, ती आधी सांगतो.

पॅरासिटामॉल शरीराबाहेर काढण्यासाठी लिव्हरकडे तीन खिडक्या आहेत. सर्वांत मोठी ग्लुक्युरोनाइडची. मोठ्या माणसात निम्म्याहून थोडं जास्त औषध तिथून जातं. दुसरी सल्फेटची, साधारण एक तृतीयांश. तिसरी लहान, ५ ते १० टक्क्यांची, आणि भानगड तिथेच आहे. या खिडकीतून एनएपीक्यूआय नावाचा तापट पदार्थ निघतो. लिव्हरमधलं ग्लुटाथायोन त्याला लगेच पकडून निकामी करतं. नेहमीच्या डोसला ग्लुटाथायोन पुरून उरतं. डोस फार झाला की ते संपतं आणि लिव्हरच्या पेशी मरायला लागतात.

व्हिटॅमिन सीचा संबंध दुसऱ्या खिडकीशी आहे. सीलाही शरीर काही प्रमाणात सल्फेट जोडतं आणि शरीरातला सल्फेटचा साठा मर्यादित असतो. त्यामुळे सी ग्रॅमच्या मापात आलं की ते त्याच रांगेत उभं राहतं. १९७६ साली ह्यूस्टन आणि लेव्ही यांनी हेच मोजलं. निरोगी माणसांना १ ग्रॅम पॅरासिटामॉल दिलं आणि दीड तासाने एकदम ३ ग्रॅम सी. लघवीतलं पॅरासिटामॉल सल्फेट कमी झालं आणि पॅरासिटामॉलचं अर्धायुष्य, म्हणजे अंगातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ, २.३ तासांवरून ३.१ तासांवर गेलं.

हा आकडा वाचून लोक घाबरतात, म्हणून त्याचा हिशेब करून पाहू. अर्धायुष्य २.३ तास असेल तर गोळीनंतर ८ तासांनी अंगात साधारण ९ टक्के औषध उरतं. ३.१ तास असेल तर १७ टक्के. म्हणजे ८ तासांच्या अंतराने घेतलेल्या डोलोची पुढची गोळी ९ऐवजी १७ टक्क्यांच्या शिलकीवर पडणार. रोजच्या रोज असंच चाललं तरी रक्तातली सर्वोच्च पातळी सुमारे ९ टक्क्यांनी वर जाईल. दर ६ तासांनी गोळी असेल तर शिल्लक १६ विरुद्ध २६ टक्के आणि पातळीतली वाढ १३ टक्क्यांच्या आसपास. आणि हे धरलंय कशाला? दिवसभर सीचा परिणाम त्या प्रयोगाइतकाच टिकून राहिला तर. प्रत्यक्षात सी काही तासांत लघवीवाटे निघून जातं.

तुमच्या वडिलांचं पॅरासिटामॉल दिवसाला १९५० मिग्रॅ, म्हणजे किलोमागे ३४ मिग्रॅच्या आत. प्रौढांची कमाल मर्यादा २४ तासांत ४ ग्रॅम आहे. वय आणि वजन बघता वडिलांसाठी मी ती ३ ग्रॅमच धरेन. त्यातही दहा टक्के वाढ सहज मावते. तेव्हा 'विष तयार होतं' हे डोक्यातून काढा.

आता दुसरा निरोप. परीक्षानळीत व्हिटॅमिन सी एनएपीक्यूआयला परत पॅरासिटामॉल करू शकतं, हे रसायनशास्त्र खरं आहे. उंदरांमध्ये सीच्या एका वेगळ्या, तेलात विरघळणाऱ्या रूपाने लिव्हरचं नुकसान कमी झालेलंही दिसलंय. पण माणसात पॅरासिटामॉलच्या विषबाधेवर उतारा म्हणून चालतं ते एन-ॲसिटिलसिस्टीन, लिमसी नव्हे. ते ग्लुटाथायोनसाठी कच्चा माल पुरवतं आणि गोळ्या घेतल्यापासून पहिल्या ८ तासांत सुरू झालं तर सर्वांत चांगलं काम करतं. जास्त गोळ्या गेल्या असतील तर घरी सी चघळत बसण्यात नेमके हेच ८ तास जातात. पहिल्या दिवशी मळमळीपलीकडे फारसं काही जाणवत नाही. लिव्हरचे आकडे चढतात ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर गेल्याचा नुसता संशय असला तरी लक्षणांची वाट न बघता १०८ला फोन करा किंवा ससून नाहीतर जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या अपघात विभागात जा. जाताना रिकाम्या पट्ट्या बरोबर घ्या, म्हणजे हिशेब अंदाजाने करावा लागत नाही.

तासांचं उत्तर: सी एका वेळी ५०० मिग्रॅपर्यंत असेल तर अंतर ठेवायची गरज नाही. एकदम १ ग्रॅम किंवा जास्त घेणार असाल तर पॅरासिटामॉल आधी घ्या आणि सी ३-४ तासांनी. त्या प्रयोगात फरक दिसला तो पॅरासिटामॉल अंगात भरपूर असताना सी पोचलं म्हणून.

पण त्याआधीचा प्रश्न हा की २ ग्रॅम कशासाठी? आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२०च्या शिफारशीत प्रौढ पुरुषाची रोजची गरज ८० मिग्रॅ आणि बाईची ६५ मिग्रॅ आहे. २००० मिग्रॅ ही वरची हद्द. तुम्ही रोज बरोबर हद्दीवर उभे आहात. शिवाय आतडं एवढं घेतच नाही. २०० मिग्रॅपर्यंतचा डोस बहुतेक सगळा शोषला जातो, १ ग्रॅमच्या वर गेलात की निम्म्याहून कमी. उरलेलं आतड्यात पाणी ओढतं आणि जुलाब होतात. शोषलेल्यातलं जास्तीचं किडनी बाहेर फेकते.

---

रास्ता_पेठ_लॅब

वर रसायनशास्त्र झालं. मला या प्रश्नात वेगळीच गोष्ट खटकली: दंडावर सेन्सर, रात्री इन्सुलिन आणि दिवसाला २ ग्रॅम सी. पॅरासिटामॉलपेक्षा तुमच्याकडे आज याचा धोका मोठा आहे.

सेन्सर शुगर थेट मोजत नाही. सुईच्या टोकावरचं एंझाइम ग्लुकोजवर काम करतं आणि त्यातून जो विजेचा प्रवाह येतो त्याचं आकड्यात रूपांतर होतं. व्हिटॅमिन सी स्वतःच त्या इलेक्ट्रोडवर इलेक्ट्रॉन देऊन टाकतं. यंत्राला वाटतं, ग्लुकोज वाढलं. म्हणून आकडा खऱ्यापेक्षा वर दिसतो. लिब्रे २च्या माहितीपत्रकात दिवसाला ५०० मिग्रॅपेक्षा जास्त सी घेतल्यास रीडिंग खोटं वाढू शकतं आणि खरी शुगर खाली गेलेली लक्षात येणार नाही, असा इशारा आहे. दुसऱ्या मॉडेलची मर्यादा वेगळी असू शकते, तेव्हा तुमच्या खोक्यातला कागद काढून बघा. फेकला नसेल तर.

आकडा चुकीने खाली दिसला तर माणूस चार घास जास्त खातो. इथे तो चुकीने वर दिसतो आणि त्यावर कोणी रात्रीचं इन्सुलिन वाढवलं तर पहाटे शुगर पडते. म्हणून सी चालू आहे तोवर सेन्सरच्या आकड्यावर इन्सुलिनचं एक युनिटही बदलू नका. बोटाला टोचून मशीनवर पडताळा. बोटाच्या मशीनवरही सीचा परिणाम होऊ शकतो, पण सलाइनमधून ग्रॅमच्या ग्रॅम सी दिलं किंवा किडनी फारच मंदावलेली असली तर. तोंडाने घेतलेल्या साध्या डोसला ती सहसा बिघडत नाहीत. घाम, थरथर, बोलण्यात गोंधळ असं काही दिसलं आणि सेन्सर १४० दाखवत असला तरी आधी साखरपाणी, वाद नंतर.

उलट बाजूही आहे: काही दुसऱ्या कंपन्यांच्या सेन्सरना पॅरासिटामॉल चालत नाही, त्यानेही आकडा चढतो. लिब्रेला ती अडचण नाही. पुढे सेन्सर बदललात तर मात्र हे विचारून घ्या.

तपासण्यांबद्दलही लिहितो, कारण चिकुनगुनियानंतर रक्त-लघवी होणारच.

लघवीची पट्टी: सी भरपूर असेल तर ग्लुकोज, रक्त, नायट्राइट आणि बिलिरुबिन हे चौकोन रंग धरत नाहीत, म्हणजे असून 'नाही' येतं. ग्लुकोज आणि रक्ताच्या चौकोनांवरचा रंग पेरॉक्साइडच्या क्रियेतून तयार होतो आणि सी तो पेरॉक्साइड मधल्या मध्ये खाऊन टाकतं. रक्ताच्या चौकोनाची गंमत अशी की पट्टी 'निगेटिव्ह' म्हणते आणि सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी दिसतात. असा रिपोर्ट आला की पहिला प्रश्न 'व्हिटॅमिन सी घेता का?' हाच असतो. काही पट्ट्यांवर सीला अडवणारा आयोडेटचा थर असतो, पण तुमच्या लॅबची पट्टी कुठली हे तुम्हाला बाहेरून कळणार नाही.

शौचातलं लपलेलं रक्त जुन्या ग्वायॅक पद्धतीने बघणार असतील तर ३ दिवस आधीपासून सी २५० मिग्रॅच्या खाली हवं. नाहीतर असलेलं रक्त दिसत नाही. नव्या इम्युनो पद्धतीला हा त्रास नाही.

यूरिक ॲसिड, कोलेस्टेरॉल, ट्रायग्लिसराइड आणि एंझाइम पद्धतीचं क्रिएटिनिन यांतही रंग पेरॉक्साइडच्या तशाच क्रियेतून येतो. त्यामुळे रक्तात सी खूप असेल तर आकडे खोटे कमी येऊ शकतात. ग्रॅमभर सी घेऊन तासाभरात रक्त देऊ नका, एवढं पाळलं तरी बरंच काम होतं. मी म्हणेन, तपासणीआधी ४८ तास गोळ्या बंद ठेवा आणि फॉर्मवर औषधांच्या रकान्यात सी लिहा. लोक तिथे बीपी, शुगर लिहितात. सी हे औषध वाटतच नाही कुणाला.

---

कोथरूड_डेपो

सेन्सरचं डोक्यातच आलं नव्हतं. कागद सापडला, त्यात ५०० मिग्रॅचा उल्लेख आहे. आजपासून रीडिंग बोटावर पडताळतोय.

आणखी तीन प्रश्न. (१) घरात सर्दीच्या गोळ्या आणि कॉम्बिफ्लॅम पडलेल्या आहेत. दुखणं फारच वाढलं तर मध्ये एखादी चालेल का? (२) फसफसणाऱ्या गोळीने बीपीवर काही होतं का? (३) वडील सकाळी लिंबूपाणीही घेतात, ते मोजायचं का?

---

पट्टी_वाचा

मेडिकलच्या काउंटरवर रोज दिसणारे घोळ नेमके हेच, म्हणून क्रमाने लिहितो.

तिसऱ्यापासून सुरुवात, कारण ते सोपं आहे. मध्यम लिंबातून १५-२० मिली रस निघतो आणि त्यात सी १० मिग्रॅच्या आगेमागे. मोजायची गरज नाही. लिंबूपाण्यात साखर किती पडते ते मोजा. पेरूत १०० ग्रॅमला दोनशे मिग्रॅच्या थोडं वर सी असतं, म्हणजे मंडईतला एक मध्यम पेरू दिवसाची गरज भागवून उरतो. आवळ्याचे आकडे वेगवेगळ्या तक्त्यांत १०० ग्रॅमला २५० ते ६०० मिग्रॅ असे सापडतात. कमीत कमी आकडा धरला तरी एक मोठा आवळा पुरे. वर ज्या ३ ग्रॅमची चर्चा झाली तेवढं सी पेरूतून मिळवायचं तर सव्वा-दीड किलो पेरू एका बैठकीत खावे लागतील. खाण्यातून होणारी ही भानगडच नव्हे, गोळ्यांमुळे होणारी आहे.

आता पहिला प्रश्न, आणि इथे मात्र थांबा. नावं वेगळी असली तरी आत पॅरासिटामॉलच असतं. कॉम्बिफ्लॅममध्ये आयबुप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ३२५. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांत ३२५ ते ५००. कंबरदुखीसाठी लिहून देतात त्या ॲसिक्लोफिनॅकच्या नावापुढे 'पी' किंवा 'प्लस' असेल तर त्यात सहसा ३२५. ट्रॅमाडॉलच्या जोडगोळीतही ३२५. डोलो तीन, सर्दीची तीन आणि वर दोन कॉम्बिफ्लॅम अशी बेरीज केली तर १९५० अधिक १५०० अधिक ६५०, म्हणजे ४१००. दिवसाची हद्द ओलांडली आणि घरात प्रत्येकाला वाटतंय की डोलो तीनच घेतल्या. सीमुळे पातळी दहा टक्क्यांनी वर जाते याची चर्चा चार दिवस चालते, आणि ही दुप्पट बेरीज कुणी करत नाही.

पट्टीच्या मागे 'पॅरासिटामॉल आयपी' आणि पुढे मिग्रॅ लिहिलेलं असतं. पट्टी कापून देताना नेमका तो भाग दुकानात राहतो. तेव्हा सुट्या गोळ्या घेतल्या तर पाकिटावर घटक आणि मिग्रॅ पेनाने लिहून मागा. आम्ही लिहून देतो, विचारायचा अवकाश.

तुमच्याकडे कॉम्बिफ्लॅमला 'नको' म्हणायचं दुसरं कारण आयबुप्रोफेन. वय ७१, वजन ५८, क्रिएटिनिन १.३ यावरून किडनीचा वेग काढला तर मिनिटाला ४३ मिलीच्या आसपास येतो. कागदावर १.३ बघून 'नॉर्मलच आहे की' वाटतं, पण या वयाला आणि वजनाला तो बराच कमी आहे. वर बीपीची गोळी. अशा किडनीला आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक सोसत नाही. तापाच्या दिवसांत तर आणखी एक नियम: डेंग्यू नाही हे रिपोर्टने ठरेपर्यंत ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेन दोन्ही बंद, कारण प्लेटलेट कमी असताना रक्तस्राव वाढतो. पावसाळ्यात पुण्यात डेंग्यू आणि चिकुनगुनिया हातात हात घालून येतात, तेव्हा नुसत्या लक्षणांवरून 'हा चिकुनगुनियाच' असं घरी ठरवू नका. दुखणं डोलोने आटोक्यात येत नसेल तर डॉक्टरांना फोन करा. घरातली दुसरी पट्टी उघडू नका.

दुसरा प्रश्न. फसफस येते ती खाण्याच्या सोड्यामुळे आणि सोडा म्हणजे सोडियम. १ ग्रॅम सीच्या फसफसणाऱ्या गोळीत २००-३०० मिग्रॅ सोडियम असू शकतं. गोळ्यांच्या नळीवर आकडा असतो, तो पाहा. दिवसाची मर्यादा जागतिक आरोग्य संघटना २ ग्रॅम सोडियमची सांगते. रोज एक गोळी म्हणजे त्यातला दहावा ते सातवा हिस्सा लोणचं-पापड न खाताच गेला. फसफसणारं पॅरासिटामॉल तर आणखी खारट: बाहेरदेशी मिळणाऱ्या ५०० मिग्रॅच्या एका गोळीत ४०० मिग्रॅच्या आसपास सोडियम असतं. परदेशातून कुणी नळ्या आणल्या असतील तर बीपीवाल्याला देऊ नका. त्यातल्या काहींमध्ये पॅरासिटामॉल ३३० आणि सी २०० असं एकत्रच असतं. ही जोडी अनेक वर्षं विकली जाते आहे, यावरून साध्या डोसला दोघांचं भांडण नाही हेही कळतं.

लिमसीचं म्हणाल तर ५००मधलं ४०० सोडियम ॲस्कॉर्बेटच्या रूपात असतं. सोडियम पन्नासेक मिग्रॅ, त्याने काही अडत नाही. चघळल्यावर चूळ भरा आणि अर्धा तास ब्रश करू नका. आंबट गोळीने दाताचं वरचं आवरण नरम पडलेलं असतं, त्यावर ब्रश घासला की ते झिजतं. काही लोक ती गालात धरून चोखत बसतात, ते तर दातांना सर्वांत वाईट.

जाता जाता नळीबद्दल. झाकणात जी खुळखुळणारी पुडी असते ती ओल शोषायला असते. ती काढून मुलांना खेळायला देऊ नका आणि नळी ओट्यावर, वाफेजवळ ठेवू नका. पावसाळ्यात झाकण नीट बसलं नाही तर दोन आठवड्यांत गोळ्या फुगून एकमेकींना चिकटतात आणि त्यावर तपकिरी ठिपके येतात. सी हवेतल्या ऑक्सिजनने गेलेलं असतं, सोड्याची ताकदही संपलेली असते. पाण्यात टाकून फसफस येईना म्हणून लोक दोन टाकतात. तशी नळी टाकून द्यायची.

---

निवृत्त_भाडेकरू

ॲस्पिरिनबद्दल कुणीच बोललं नाही. इकोस्प्रिन ७५ रोज घेणाऱ्याने सी घेतलं तर ॲस्पिरिन अंगात साचतं, असं वाचलंय.

---

मात्रा_मोजून

तर्क असा आहे: लघवी आंबट झाली की सॅलिसिलेट (ॲस्पिरिनचं अंगात होणारं रूप) त्यात विरघळून न जाता किडनीतून परत रक्तात शोषलं जातं. तर्क बरोबर, पण त्यासाठी लघवीची आम्लता बरीच बदलावी लागते आणि नेहमीच्या डोसचं सी ते करत नाही. त्यातून ७५ मिग्रॅ ॲस्पिरिन म्हणजे इतकी थोडकी मात्रा की साचायला काही उरतच नाही. त्या गोळीचं काम प्लेटलेटवर होतं आणि ते सीने बिघडत नाही. उलटा परिणाम थोडा आहे: ॲस्पिरिन मोठ्या डोसमध्ये रोज घेतलं तर पांढऱ्या पेशींत सी कमी शिरतं. डोकेदुखीच्या एखाददुसऱ्या गोळीला ते लागू नाही. जर्मनीत ॲस्पिरिन ४०० आणि सी २४० मिग्रॅ अशी फसफसणारी गोळी दुकानात सर्रास मिळते.

याच घराण्यातल्या सॅलिसिलॅमाइड नावाच्या औषधावर मात्र सीचा परिणाम दिसलाय, १९७५ सालीच. कारण तेच, सल्फेटची रांग. बहुधा दोन्ही नावं सारखी वाटून ॲस्पिरिनवर हा आळ आला असावा.

---

सिंहगड_रोड_३०

आईला हृदयाची झडप बदलल्यामुळे ॲसिट्रोम (रक्त पातळ ठेवायची गोळी) आहे. तिला हे सगळं लागू होतं का?

---

रास्ता_पेठ_लॅब

तिच्या बाबतीत पॅरासिटामॉलचा हिशेब निराळा आहे. रोज २ ग्रॅम किंवा जास्त पॅरासिटामॉल सलग काही दिवस चाललं तर आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते दाखवणारा आकडा) वर चढू शकतो. एखाददुसऱ्या गोळीने नाही. त्यामुळे तापासाठी तीन-चार दिवसांहून जास्त घ्यावं लागलं तर चौथ्या-पाचव्या दिवशी आयएनआर करून घ्या, ठरलेल्या तारखेची वाट बघू नका. सी फार मोठ्या डोसमध्ये आयएनआर खाली ओढतं अशा मोजक्या नोंदी आहेत. ५०० मिग्रॅपर्यंत फरक पडत नाही. पण दोघांचे परिणाम उलट दिशेचे आहेत म्हणून 'एकमेकांना कापतील' असं समजून दोन्ही सुरू करू नका. हिरड्यांतून रक्त, लघवी लाल, शौच डांबरासारखं काळं यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांना कळवा.

---

बालवाडी_समोर

लहान मुलांना हाच डोस-हिशेब चालेल का? सर्दीत सिरप आणि चघळायची सी, दोन्ही देतात घरोघरी.

---

मात्रा_मोजून

नाही. लहान मुलांत ग्लुक्युरोनाइडची खिडकी अजून पूर्ण उघडलेली नसते आणि सल्फेटचीच मोठी असते. म्हणजे मोठ्या माणसात जी गोष्ट बाजूला टाकता येते ती मुलांत टाकता येत नाही. पॅरासिटामॉल वजनावर: किलोमागे १० ते १५ मिग्रॅ, दोन डोसमध्ये किमान ४ ते ६ तास आणि दिवसातून चारदाच. १२ किलोच्या मुलाला १२० ते १८० मिग्रॅ. सिरप बाजारात १२० आणि २५० अशा दोन ताकदींचं मिळतं, दोन्ही ५ मिलीमागे, आणि थेंबांची बाटली तर १ मिलीत १०० मिग्रॅची. एकाच चमच्याने तिन्ही द्यायला गेलात की चूक तिथे होते. बाटली बदलली की मिली नव्याने काढायचे. सीची वरची हद्द अमेरिकेतल्या तक्त्यात १ ते ३ वर्षांसाठी ४०० मिग्रॅ आणि ४ ते ८ वर्षांसाठी ६५० मिग्रॅ आहे. म्हणजे गोड लागते म्हणून दोन वर्षांच्या मुलाने एक लिमसी चघळली तरी हद्द गेली. डबा वरच्या फळीवर ठेवा.

---

कोथरूड_डेपो

डॉक्टरांशी बोललो. कॉम्बिफ्लॅम आणि सर्दीच्या गोळ्या कपाटातून काढल्या. शेवटचा प्रश्न: २ ग्रॅम सी एकदम बंद केलं तर अंगाला त्याची सवय लागून उलटं काही होतं का? आणि मुळात चिकुनगुनियात त्याचा उपयोग होता का?

---

मात्रा_मोजून

दोन-तीन आठवडे घेतलेलं सी एका दिवसात बंद करता येतं. हळूहळू कमी करायची गरज नाही, जेवणात फळ-भाजी असली म्हणजे झालं.

उपयोगाचं विचाराल तर सांधेदुखी सीने लवकर जाते असं दाखवणारं काही माझ्या पाहण्यात नाही. सर्दीवर मात्र भरपूर काम झालंय. कॉक्रेन या अनेक प्रयोग एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या २०१३च्या आढाव्यात रोज २०० मिग्रॅ किंवा जास्त सी *आधीपासून* घेणाऱ्या प्रौढांची सर्दी सुमारे ८ टक्क्यांनी आणि मुलांची १४ टक्क्यांनी लवकर आटोपली. आठवड्याच्या सर्दीत ते प्रौढाला अर्ध्या दिवसाच्या आसपास पडतं. सर्दी झाल्यावर सुरू केलं तर ठाम फायदा दिसला नाही. आपल्याकडे गोळी उघडली जाते ती नेमकी नाक गळायला लागल्यावर.

वडिलांच्या किडनीच्या वेगाकडे बघता मी गोळीच्या रूपातलं सी पुन्हा सुरूच करणार नाही. जास्तीच्या सीचं शरीरात ऑक्झलेट होतं आणि ते किडनीतूनच जावं लागतं. स्वीडनमध्ये पुरुषांच्या मोठ्या पाहणीत (२०१३) सीच्या गोळ्या घेणाऱ्यांत मुतखड्याचं प्रमाण जवळजवळ दुप्पट आढळलं. आधी खडा होऊन गेलेला असेल तर प्रश्नच मिटला. पेरू खाऊ दे, पण शुगरमुळे अर्धा, आणि रस काढून नको. बिया कवळीत अडकत असतील तर मधला गर काढून टाका, सी सालीजवळ जास्त असतं.

---

पट्टी_वाचा

उरलेल्या नळीचं काय करायचं हेही लगेच सांगतो, नाहीतर ती कपाटातच राहील आणि पुढच्या पावसाळ्यात कुणीतरी उघडेल. न उघडलेली असेल तर बिल घेऊन दुकानात विचारा, काही जण बदलून देतात. उघडलेली असेल तर गोळ्या वापरलेल्या चहापत्तीत मिसळून, पिशवीची गाठ मारून कचऱ्यात टाका. आणि डोलोच्या पट्टीवर पेनाने तारीख आणि वेळ लिहीत चला. तीन गोळ्या, तीन खुणा. सकाळची कुणी दिली आणि रात्रीची कुणी, यावरून घरात दोनदा गोळी जाते ती अशीच.